शेऱ्याचा रकाना

बोरीच्या धरणावर रोज सकाळी सहाला
पाण्याची पातळी लिहायची, एवढंच माझं काम.
तारीख, मीटर, सेंटिमीटर, सही.
उरलेला रकाना शेऱ्याचा.
तिथं साहेबाला एकच शब्द आवडायचा : निरंक.

पहिल्याच कार्तिकात निरंक लिहायला वाकलो
तर मोजपट्टीपाशी, दगडावर,
येऊन बसला एक पिवळा धोबी.
पाण्यातला आकडा शेपटीनं खोडत राहिला.
लिहिलं : धोबी, एक.
तेव्हापासूनची ही खोड.

पाणी हटलं की गाळपेऱ्यातला हरभरा
काठाकाठानं हिरवा होतो.
सऱ्यांतून शंकर पळतो, गळ्याला निळा डाग,
शाळेत दौत सांडून पोरगं पळावं तसा.
वेड्या बाभळीत वटवट्या. दिसत नाही.
दोन खडे एकमेकांवर आपटल्यासारखा टक, टक.
आवाज एक, की दोघांचे मिळून दोन?
मी एक धरतो.
सरकारी माणूस. कमीच धरतो.

भारीट मात्र कधी धड मोजून झाले नाहीत.
झिपरू आप्पाच्या दादरवर ते उतरायचे
तेव्हा कणसं दिसायची नाहीत,
नुसती काळी डोकी आणि पिवळी पोटं.
आप्पा माचावर, हातात गोफण, तोंडात शिव्या.
मी बांधावरून ओरडायचो,
'थांबा आप्पा, तीनशे दहापर्यंत आलोय!'
दगड सुटायचा.
पुन्हा एकपासून.
त्या दिवसाचा शेरा अजून आहे :
'भारीट अंदाजे दोन हजार.
शेतमालकाच्या मते दोन लाख.'
साहेबानं खाली लाल शाईत विचारलं होतं, 'संबंध?'

मग दादर गेली. मका आला.
सहाशे चाळीस. दोनशे बारा. अकरा.
पुढल्या साली एकदम नऊशे,
ते का, मला आजवर कळलेलं नाही.
नंतर चार.
धोबी मात्र वाढले. त्यांना काय,
चिखल आणि म्हशीची पाठ पुरते.
आप्पाला आकडे वाचून दाखवले तर म्हणाला,
'त्या येतस भाऊ. पन उतरतीन कोठे?'

आता मोजपट्टीशेजारी खांब उभा केलाय.
दर पंधरा मिनिटांनी तो स्वतःच
पातळी कळवतो, कुठं ते त्यालाच ठाऊक.
त्याला शेऱ्याचा रकाना नाही.
मी निवृत्त. वही पारोळ्याहून आणतो,
दोनशे पानी, स्वतःच्या पैशानं.

यंदा आप्पानं घरच्या भाकरीपुरती
सहा तास दादर पेरली.
माच नाही घातला. गोफण खुंटीला.
बांधावर बसतो, शिवी तोंडात तयार,
द्यायची कुणाला?

काल मी त्याच्याजवळ बसून वही उघडली.
धोबी, वीस.
शंकर, दोन.
भारीट.
नुसती रेघ ओढली, तर मी आलोच नव्हतो.
शून्य लिहिलं, तर आलो, पाहिलं, नव्हते.
एवढा फरक त्या खांबाला कोण शिकवणार?
शून्य लिहिलं. उठलो.
आप्पानं धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले,
दादरकडे बघतच म्हणाला,
'थांब ना जराखा. ऊन त चढू दे.'

थांबलो.
तोवर धोबी सत्तावीस झाले.