रिले

खानापुरात, जांबोटी क्रॉसजवळ
मष्णूमामाच्या गॅरेजात जीपचं बॉनेट उघडं.
नवे दिवे शंभर वॅटचे,
वायर मात्र कंपनीची, सुतळीएवढी.
चोर्ल्याच्या धुक्यात स्विच वितळला;
तो वास अजून बोटांना.

"सगळा भार त्याच्यावर कशाला घालूलास?
करंट बॅटरीतनं थेट ने,
मधे फ्यूज, मग रिले.
स्विचनं नुसतं हो म्हणायचं."

मामाचे हात आता कापतात.
पक्कड, टेप, अर्थिंगचा स्क्रू
दस्तगीरकडे.
वायर सोलून पोरगा वर बघतो.
मामा म्हणतो, "हं."

टक्.

समोरच्या शटरवर
दोन लिप्यांत लिहिलेलं पंक्चर
लख्ख.
पलीकडे सायकलवरला एकजण हाताने डोळे झाकतो.

"खाली घे जरा," मामा म्हणतो,
"समोरच्यालाबी घरी जायचंय."