खरं सांगू की आईसारखं

ब्राइस, चौकट पोचली.
दोसिंदाच्या नातवाने लावून दिली,
वायफायचा पासवर्ड कोळ्यांच्या सोसायटीतून मागून आणला.
कशी आहे, विचारलं होतंस.
खरं सांगू की आईसारखं?

आधी चांगलं.
उशियाचा दात पडला, तो मला त्याच दिवशी दिसला.
पूर्वी फोटो टपालाने यायचा
तोवर तिथे नवा दात उगवलेला असायचा.
चष्मा लागत नाही, चेहरे ताटाएवढे.
रात्री पाणी प्यायला उठले
की तुमच्या सुट्टीच्या उजेडात भांडं सापडतं.
दोसिंदा आता कॉफीला येते
ती समोरची खुर्ची धरूनच बसते.
तिच्या मुलाने तिला मायक्रोवेव्ह दिलाय.

आता बाकीचं.
कुणी थांबत नाही रे.
दहा सेकंद. मी मोजलेत, बॉबिन हातात घेऊन,
सहा पीळ पडले की चेहरा गेला.
तुझे बाबा धक्क्यावर उभे, खांद्यावर जाळं,
मी म्हणते, एलादियो, जरा...
तोवर वॉशिंग मशीनची पावती.
ती चुकून आली असेल.
बाराशे चाळीस फ्रँक. महाग घेतलंस.

गेलेल्यांना मी दाराजवळ ठेवायचे,
असलेल्यांना खिडकीत.
तुझी चौकट सगळ्यांना एकाच रांगेत उभं करते,
बँकेतल्यासारखं, नंबर देऊन.

आणि तिला पाठ नाही.
उलटी केली तर वायर निघते.
जुन्या फोटोंच्या पाठीवर बाबांचं अक्षर असायचं:
'तिघं. वारा फार. मासळी नाही.'
पुढे आपण हसतोय.
मागे काय ते खरं.
भांडण झालं तर पालथं घालायचीही सोय नाही.
नोव्हेंबरच्या वादळात वीज गेली
तेव्हा सगळं घराणं एकदम विझलं.
मेणबत्ती पुढे धरली
तर काचेत मीच.

हे सगळं मी चालवून घेतलं असतं.
पण मंगळवारी नादीन दिसली नाही.
वाटलं, येईल, रांगेत माणसं फार आहेत.
दुपारभर उशीवर टाचण्या तशाच ठेवून बसले.
तळ्याकाठचे फोटो आले, ती नव्हती.
वाढदिवसाचा आला.
केक होता, सुरी होती,
सुरी धरणारा हात काठाबाहेर.

तुमचं तुमच्यात काय झालं, मी विचारत नाही.
पण तिकडे झुरिकमध्ये तू अंगठा हलवलास
आणि इकडे कामारिन्यासात, माझ्या स्वयंपाकघरातून
एक माणूस उठून गेलं,
मला न सांगता,
भिंतीवर खिळ्याचा डागही न ठेवता.

तुझ्या रेमेदियोस आत्याने
नवऱ्याला अल्बममधून कात्रीने कापला होता, आठवतं?
त्याचा पंजा तिच्या खांद्यावर राहूनच गेला.
हा हात कुणाचा, तू विचारायचास,
आणि कुणीतरी उठून पाव कापायला लागायचं.
पण भोक तरी होतं, ब्राइस.
बोट घालून पाहता यायचं.
साठ वर्षं लेस करतेय मी,
आमचा धंदाच भोकांचा.
लोक दोऱ्याचे पैसे देत नाहीत,
दोऱ्याने जे सोडून दिलं त्याचे देतात.

नाही, परत पाठवत नाहीये.
तो दात मला हवाय.
फक्त दोन कामं कर.
ती पावती काढ.
आणि नादीनचा नवा पत्ता पाठव,
कागदावर, हाताने लिहून.
टेबलक्लॉथ अर्धा झालाय,
नमुना तिने निवडलेला, शिंपल्यांचा.
तो मी दुसऱ्या कुणाला विकणार?

थांब, उशिया आली.

गेली.