चाळणी

पतसंस्थेनं भंगारात काढलेला संगणक
बाराशेला आणला, जतहून, एसटीच्या टपावरून.
नेटवर्क कार्ड साडेतीनशे. बाकी फुकट.
आता शाळेत येणारं जग
आधी याच्यातून गाळून येणार.

"अडवायचे शब्द तुम्हीच लिहा," बाई म्हणाल्या,
"अक्षर चांगलं आहे तुमचं."
रात्री दार लोटून बसलो.
उभ्या जन्मात तोंडातून न काढलेल्या शिव्या
वळणदार लिहिल्या, समास सोडून,
एकेकीला अनुक्रमांक देत.
बायको चहा घेऊन आली, वही पालथी घातली.

सोमवारी सहावीच्या पोरींनी
सस्तन प्राणी शोधले. बंद.
पुल्लिंग बंद. स्त्रीलिंग बंद.
नपुंसकलिंग तर दोन कलमांखाली बंद.
सायकलिंगसुद्धा.
दारूबंदीचा निबंध दारूपाशीच अडला.

मग खिडकीजवळून हात वर झाला,
गुरुलिंग बिराजदार, आठवी ब.
शिष्यवृत्तीच्या यादीत स्वतःचं नाव शोधत होता
तर पडद्यावर लाल चौकट:
हा मजकूर तुमच्यासाठी योग्य नाही.
"सर, मी काय केलं?"
मागची पोरं हसली.
तो नाही हसला.

आता दुसरी यादी करतोय, सोडायच्या शब्दांची.
पहिल्या ओळीत त्याचं नाव.
आजोबांचं ठेवलंय म्हणे, सोन्याळच्या.
या वेळी दार उघडंच.
बायकोनं चष्मा लावून जुनी वही ओढली,
बराच वेळ काही बोलली नाही.
मग सत्तेचाळिसाव्या ओळीवर बोट ठेवून म्हणाली,
"अहो, गाढव कशाला अडवलंत?
कुंभाराच्या धड्यात काय बसवणार?"