दाराचं घड्याळ

रात्रीचे पावणेतीन. तार्तू. उणे एकोणीस.
इस्पितळाच्या तळघरात मी आणि सर्व्हरचे पंखे.
काल्यो सुट्टीवर, गोठलेल्या तळ्याला भोक पाडून मासे धरतोय.
जाताना म्हणाला, काही होणार नाही, ऊर्वे.

झालं.
लॉगमध्ये एकच ओळ, पुन्हा पुन्हा.
हिउमा बेटावरून कुणीतरी. चारशे एक. चारशे एक.
म्हणजे, ओळख पटली नाही, मागे फिरा.

दाराचं काम तसं साधं.
येणाऱ्याच्या हातातलं टोकन घ्यायचं,
सही खरी का, मुदत उरलीय का, बघायचं,
मग टोकन दाराशीच ठेवून
त्याचा प्रश्न आपल्या तोंडाने आत विचारायचा
आणि उत्तर जसंच्या तसं आणून द्यायचं.
पदरचं एक अक्षर नाही.
आतल्या यंत्रांनी बाहेरचं कुणी पाहिलेलंच नाही.
त्यांना वाटत असेल,
जगात एकच माणूस आजारी आहे: दार.

मी टोकन उलगडलं.
नाव नव्हतं, नसतंच. एक आकडा, एक वेळ,
खाली सही, आमचीच, अस्सल.
मुदत पंधरा मिनिटांची, जन्म आत्ताचा.
मग घोडं कुठे पेंड खातंय?

ते पुन्हा आलं. पुन्हा पासवर्ड, पुन्हा नवं टोकन.
आधी अकरा सेकंदांनी. मग चौतीस. मग दीड मिनिटाने.
बोटं दमली असतील,
किंवा चष्मा उतरवून डोळे पुसले असतील.
मला आकड्यांत माणसं दिसायला लागली की काल्यो हसतो.

दारं तीन आहेत. बेटाकडचे सगळे तिसऱ्यावर येतात.
तिसऱ्याला सहज वेळ विचारली.
ते सतरा मिनिटं पुढे होतं.
त्याच्या लेखी प्रत्येक टोकन
हातात पडण्याआधीच शिळं.

आणि नकाराचं कारण सांगू नये, ही ओळ माझी.
सुरक्षेसाठी. दोन वर्षांपूर्वी.
तेव्हा मला शाबासकीही मिळाली होती.

घड्याळ लावलं. तीन वाजून चार.
बेटावरून काही नाही.
कॉफी आणली, प्यायले नाही.
तीन अकरा. काही नाही.
दाराला हाक मारता येत नाही.

तीन बावीसला आलं.
दोनशे. तपासणीचा अहवाल, दोन पानं.
त्यात काय होतं मला माहीत नाही,
दाराने वाचायचं नसतं.

मिनिटभराने तेच दुसरं पान परत मागितलं.
मग आणखी एकदा.
दाराने आणून दिलं.