पहिले दहा सेकंद, शेवटचे दहा

सलमाबादच्या शेडमध्ये आम्ही तिघं,
मी, फुरूसचा यूनुस पारकर आणि त्रिशूरचा कुट्टप्पन,
गनीमाच्या कॅसेटी भरायचो.
नाव ऐकून पहिल्या दिवशी मला हसू आलं.
आमच्या इतिहासाच्या पुस्तकात गनीम
रात्रीचा खिंडीतून येतो.
यूनुस म्हणाला, यांच्यात गनीमा म्हणजे
लढाईनंतर हाती लागते ती लूट.
म्हटलं, मग बरोबर आहे,
आपल्या हाती ओव्हरटाइम लागला.

अल्बमचं नाव मद्द. म्हणजे भरती.
एवढा अर्थ कळल्यावर पुढचं कोणी समजवावं लागलं नाही,
दाभोळच्या खाडीत माझ्या घराची पायरी
महिन्यातून दोनदा भिजते.

जुना विक्रम सव्वीस आठवड्यांचा होता,
ऊद वाजवणाऱ्या एका म्हाताऱ्याचा.
दर गुरुवारी जासिमशेठ फोनवर दुकानांचे आकडे घ्यायचा
आणि शेडच्या पत्र्यावर खडूने लिहायचा.
सत्तावीस. त्या दिवशी सगळ्यांना पेप्सी.
एकतीस.
छत्तीस, आणि कुट्टप्पनला मुलगी झाल्याची तार.
समुद्रावरचा पूल नुकताच झाला होता,
खोबरहून गाड्या यायच्या
आणि डिकी भरून भरती घेऊन जायच्या.

माझं काम तपासणीचं.
शंभरातली एक उचलायची,
पहिले दहा सेकंद ऐकायचे,
पट्टी पळवायची,
शेवटचे दहा.
मधलं ऐकायला वेळ नव्हता
आणि त्याचा पगारही नव्हता.
तर मला माहीत आहे ते एवढंच:
सुरुवातीला ती श्वास घेते,
थोडी सर्दी असल्यासारखा,
आणि दुसऱ्या बाजूच्या अगदी शेवटी,
सूर विझून गेल्यावर,
खुर्ची करकरते.
ती उठली असणार.
कापायचं राहून गेलं असणार.
ती करकर मी दिवसाला चाळीस वेळा ऐकायचो.
दुपारी, पत्रा तापून शेड भाजत असताना,
वाटायचं, चला, एक तरी बाई
आपलं काम संपवून उठली.

एकेचाळिसाव्या आठवड्यात ती स्वतः आली.
मुहर्रकचा हलवा घेऊन,
काळा अबाया, पायात साधे रबरी सपाता.
विक्रम तुमचाही आहे, असं काहीसं म्हणाली,
मग एकेकाला विचारत गेली,
कुठलं गाणं आवडतं.
कुट्टप्पन म्हणाला, सगळी.
यूनुसने लाजून मान खाली घातली.
मी म्हणालो, कुर्सी.

ती क्षणभर बघत राहिली.
मग इतकी हसली की
हलव्याचं ताट तिने मशीनवर ठेवलं.
जासिमशेठ मात्र हसला नाही.
पुढच्या सोमवारी नवी मास्टर आली,
शेवट स्वच्छ, पुसून घेतलेल्या फरशीसारखा.

बेचाळिसाव्या आठवड्यात ती दुसरी.
मी काही म्हणत नाही. तेव्हा ईद होती,
कुवैतचं कोणीतरी नवं आलं होतं,
भरतीला ओहोटी असतेच. पण तारखा अशा आहेत.

मी अजून इथेच आहे, गुदैबियात,
एका टायपिंग सेंटरमध्ये.
परवा बातमी आली, कुणा पोराने
तिचा विक्रम मोडला, कोट्यवधी वेळा ऐकलं गेलं म्हणे.
त्यात कोणी कॅसेट उचलली नाही,
कोणाच्या बोटाला घडी घालून घट्टे पडले नाहीत.
शेजारच्या पोराने फोनवर मद्द काढून दिला,
म्हणाला, अंकल, आता तरी पूर्ण ऐका.
मी श्वास ऐकला.
आणि माझं बोट सवयीने
सरळ टोकाला गेलं.
फरशी स्वच्छ.

यूनुसला फोन केला.
पहिल्या खेपेतली एक त्याच्याकडे होती,
करकरीसकट.
होती, म्हणाला. सुनेने पट्टी उकलली
आणि पाखरं बसू नयेत म्हणून
भाताच्या शेतावर ताणून बांधली.
वारा सुटला की गुणगुणते.

कुठला भाग, मी विचारलं.

तो बराच वेळ गप्प. पलीकडे कोंबडं आरवलं.
मधला असेल, म्हणाला.