मधल्यामध्ये

खराडीत, सातव्या मजल्यावर, रात्री पावणेदोनला
मला सापडला एक अठरा ओळींचा माणूस.

सर्व्हर जागा झाला की सगळ्यात आधी हा उठतो
आणि रिक्वायरच्या दारात जाऊन बसतो.
कुणी म्हणालं, हिशेब द्या,
तर म्हणतो, थांबा, आणतो.
आत जातो, खरा हिशेब घेतो,
त्याच्या शेपटीला चिकटलेलं खुडून टाकतो
(तीनामागे पंधरा शून्यं, टोकाला एक चार)
आणि हसतमुखाने पुढे करतो:
हे घ्या, तीस पैसे.

मागणाऱ्याला पत्ताही लागत नाही.
एकदा दिलेलं कॅशमध्ये राहतं,
पुढचे सगळे तेच उचलतात.

लिहिणारा दुष्यंत बागवे. नोकरी सोडून तीन वर्षं झाली.
आता सासवडकडे अंजीर लावतो म्हणे.

साफसफाईच्या भरात मी त्याला काढला.
चौतीस टेस्ट, त्यातल्या एकतीस लाल.
इतक्या वर्षांत ज्यानं ज्यानं इथे कोड लिहिला
त्यानं याचंच खरं धरलं होतं. मीसुद्धा.
मूळ हिशेब आत होता तसाच होता,
फक्त आता त्याला कुणी ओळखेना.

खाली मुंढव्याचा पूल. जलपर्णीनं नदी अशी झाकलेली
की नवख्याला मैदान वाटावं.

परत ठेवला. जागच्या जागी.
तेव्हा दिसली तळाशी त्याची कॉमेंट:
'तात्पुरतं आहे. दुष्यंत'

'तात्पुरतं' मी तसंच राहू दिलं.
त्याच्या नावापुढे स्वल्पविराम दिला
आणि माझं नाव लिहिलं.