उजेडाचं कोटेशन

टेबलावर तीन कोटेशनं, वर पेपरवेट म्हणून
पुदिना दगडाचा तुकडा.
दोनशे वॅट, दीडशे वॅट, आणि एकावर नुसतंच
'दिवसासारखा उजेड, गॅरंटी दोन वर्षं'.

पुरानी छावनीच्या पुढं आमचं दगडाचं आवार.
काटेरी तार, वजनकाटा, लाद्यांच्या थप्प्या,
आणि ट्रक, जे दिवसा कधीच येत नाहीत.
जुना सोडियम दिवा होळीच्या आसपास गेला.
अठरा वर्षं त्यानं सगळ्या मालाला हळद लावली.
त्याच्याखाली गुलाबी, पांढरी, पुदिना,
जी लादी बघावी ती नवरीच.
त्याच हळदीत एकदा ट्रक भरला, इटावाचा,
आणि सकाळी फोन : साहेब, अर्धा माल दुसऱ्याच घरचा.
परतीचं भाडं मी भरलं.
तेव्हापासून दिवा घेताना मी आधी
त्याची नियत विचारतो.

अंशुल जादौन नमुना घेऊन आला, बूट चकचकीत.
हरगोविंदनं शिडीवर चढून तो खांबाला बांधला.
"सुई पडली तरी दिसेल," अंशुल म्हणाला.
सुई दिसली असती, खोटं कशाला बोलू.
पण गुलाबी लादी निळी पडली,
जानेवारीत विहिरीतून वर आलेल्या
पोराच्या ओठांसारखी.
भिंतीपलीकडच्या कडुलिंबावर कावळे
रात्री पावणेएकला सकाळ समजून भांडायला लागले.

दाताराम राखणदार काही बोलत नव्हता.
मी विचारलं तेव्हा तो त्याच्या बोलीत म्हणाला
(माझ्या मराठीत त्याची धार जाते, तरी) :
"आता मी उजेडात उभा, येणारा अंधारात.
कोण कोणाला बघणार, तुम्हीच सांगा."
मग त्यानं मला थप्पीमागं नेलं.
तिथला काळोख आधी असा नव्हता.
आधी त्यात हात दिसायचा.
आता दिव्यानं सगळा अंधार लोटून
तिथंच गोळा केलेला,
केर काढून दाराआड ढकलावा तसा.

तीन रात्री लष्करातल्या घरी मी बारानंतर पोचलो.
बायकोनं झाकलेलं ताट पुन्हा झाकलं.
तिला काय सांगू, की मी तांब्याभर पाणी घेऊन
लाद्या भिजवत हिंडतोय?
कोरडा दगड कोणत्याही दिव्याला हो म्हणतो.
ओला झाला की खरं बोलतो.
दीडशेचा दिवा लावला, ओतलं : राखाडी.
पन्नासचा, जरा पिवळसर, ओतलं :
हळूहळू पोटातून गुलाबी वर आला,
पुदिन्यातली तपकिरी शीर दिसली,
अगदी सकाळी नवाला दिसते तशी नाही,
पण ओळख पटेल इतकी.
हरगोविंद खांबावरून ओरडला, "भाईसाब, जम गया?"
मी म्हटलं, मान खाली घाल त्याची.
अजून. अजून थोडी.
दिव्यानं जमिनीकडं बघावं,
हमरस्त्यावरून येणाऱ्या ड्रायव्हरच्या डोळ्यात नाही,
कडुलिंबात तर नाहीच नाही.

मग असं ठरलं. दोनाच्या जागी चार खांब,
प्रत्येकावर पन्नास वॅट, एकमेकांच्या
सावल्या पुसतील अशा अंतरावर.
खड्डे, केबल, सिमेंट धरून
अंशुलच्या आकड्यापेक्षा महागच पडलं.
तो फोनवर म्हणाला, "सर, एवढ्या पैशात
स्टेडियम उजळलं असतं."
मी म्हटलं, खेळायचं नाही रे इथं कोणाला.

एक कोपरा नकाशात मी मुद्दाम कोरा ठेवला,
कडुलिंबाखालचा, दातारामच्या खाटेचा.
त्याच्यावर दिवा नाही. हरगोविंदनं दोनदा विचारलं,
राहिलं का काही?
काल रात्री ऑफिसातून निघताना पाहिलं,
आवार नीट दिसत होतं, लादी लादी मोजता येईल असं,
आणि कोपऱ्यात बिडीचा एक ठिपका
वर गेला, थांबला, खाली आला.
त्यानं मला पाहिलं असणार.
मला तो दिसला नाही.